तारप्याचा अल्बम कुठे आहे, डीजे भाऊ?

प्रति,
तारप्याचे तुकडे पाडून रीमिक्स करणारे डीजे भाऊ,
मुक्काम : डहाणू-तलासरी पट्ट्यातला दर हळदीचा मांडव



पत्र खुलं लिहितोय, कारण तुमचं आश्वासनही खुलंच होतं. काही वर्षांपूर्वी ९ ऑगस्टच्या, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत टेम्पोवर उभं राहून तुम्ही माइकवर सांगितलंत, ‘जुन्या तारपकऱ्यांचा ओरिजिनल अल्बम येतोय. पूर्ण रात्रीचा तारपा. काही मिक्सिंग नाही.’ गर्दीने शिट्ट्या मारल्या, आम्हीही मारल्या. आमच्या पट्ट्यात तारप्याचे वेडे कमी नाहीत, आणि त्यांच्या तोंडावर असं कोणी आजवर बोललं नव्हतं.

पुढे काय आलं? हळदीचा रीमिक्स आला. त्याचाच ‘हार्ड बेस’ आला. गणपतीचा आला. नवरात्रीचा आला, त्यात तारप्याखाली गरब्याचा ठेका ठोकला होता. अल्बम आला नाही. ‘लवकरच’ तेवढं दर वर्षी नव्या रंगाच्या बॅनरवर येतं. आमच्या तोंडाला पानं पुसायची तर निदान बॅनरवरचा तारपा तरी उलटा छापू नका. भोंगा खाली असतो, भाऊ, आणि फुंकायचा भोपळा वर.

तुम्ही आमच्या पाड्यावर आलात ती दुपार अंगणातल्या सगळ्यांना आठवते. आमच्या तारपकरी बाबांनी आढ्याला टांगलेला तारपा खाली घेतला. वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब भोंगा. मेणाने बुजवलेला एकेक सांधा त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. एका जागी हवा जात होती, तिथे थोडं मेण मऊ करून लावलं. तुम्ही मोबाइल धरून बसला होता आणि मधेच म्हणालात, ‘बाबा, चालू करा, बॅटरी कमी आहे.’ मग बाबा वाजवायला लागले ते उन्हं उतरेपर्यंत.

त्या अख्ख्या दुपारीतून तुम्ही काही सेकंद उचललेत. तेच परत परत, लग्न संपेपर्यंत. हेडफोन लावून तुमचा रीमिक्स मन लावून ऐकला की तुकड्याच्या जोडावर बारीक ‘टक्’ ऐकू येते. तारपकरी गालात हवा साठवतो, नाकाने श्वास घेतो आणि त्याच वेळी गालातली हवा भोपळ्यात सोडत राहतो. सूर तुटू द्यायचा नाही, हीच तर सगळी विद्या. ती अंगात मुरायला वर्षं जातात, कोवळ्या पोरांच्या तोंडाला फोड येतात. तारपकऱ्याचा जो सूर रात्रभर तुटत नाही, तो तुमच्या लॅपटॉपमध्ये दर काही सेकंदांनी तुटतो. तुम्ही बाबांचा दम कापलात आणि जिथे कापलात तिथे खूणही ठेवलीत.

नाचाचंही तेच केलंत. आमच्याकडे तारपकरी मधे असतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात. त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. नाचणाऱ्यांचा दम बघून तो वेग वाढवतो, उतरवतो. पोरं थकली की त्याला कळतं, रंगात आली की तेही कळतं. तुमच्या ठेक्याला यातलं काय कळतं? तो सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच गतीने आपटत राहतो आणि आमची पोरं स्पीकरच्या पेटीकडे तोंड करून एकेकटी उड्या मारतात. मला स्पीकरचं वावडं नाही. तरुण पोरांनी नाचावं, मोठ्याने नाचावं. पण जुनं ऐकायला मिळालंच नाही तर नव्या-जुन्यातलं काय घ्यायचं हे त्यांनी ठरवावं तरी कसं?

आता नावाचं. तुमच्या रीमिक्समध्ये दर अर्ध्या मिनिटाला एक बाई तुमचं नाव ओरडते. गाणं कोणाच्याही लग्नात वाजो, वऱ्हाडाला तुमचं नाव पाठ होतं. बाबांचं नाव कुठे आहे? गेल्या लगीनसराईत उधव्याकडच्या एका मांडवात बाबा पाहुणे म्हणून बसले होते आणि तुमचा रीमिक्स लागला. त्यांनी लगेच ओळखलं. शेजारच्या पोरांना म्हणाले, हे मी वाजवलंय. पोरं हसली. म्हातारा दोन घोट जास्त घेऊन बोलतोय असं त्यांना वाटलं. भाऊ, या पत्रातला माझा राग त्या हसण्याचा आहे. नव्वदीकडे झुकलेल्या माणसाला स्वतःच्या श्वासाची साक्ष द्यावी लागली आणि ती कोणी मानली नाही.

तुमचं उत्तर मी ऐकलंय : ‘तारपा समाजाचा आहे, त्यावर एकट्याचा हक्क कसला?’ चाली समाजाच्या आहेत, मान्य. पण त्या दुपारचं वाजवणं बाबांचं आहे. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ काढून वाचा. चाल कोणाचीही असो, ती सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर वेगळा हक्क आहे आणि तो पन्नास वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ ब आलं, त्यात सादर करणारा म्हणून आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क आहे. सादरीकरणाची मोडतोड करून नावलौकिकाला धक्का लावला तर दाद मागण्याचाही आहे. समाजाच्या नावाने दुसऱ्याच्या मेहनतीवर आयता बसणाऱ्यांसाठीच ही कलमं केलेली आहेत.

आणि नाव गाळायचा हा रोग तुम्ही शोधलेला नाही. १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट नावाच्या फ्रेंच जोडीने ‘स्वीट ललबाय’ काढलं आणि ते जगभर गाजलं. त्यातला मूळ आवाज सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा या बाईचा. ह्यूगो झेंप या अभ्यासकाने तिची अंगाई ध्वनिमुद्रित केली होती आणि तिचं नावही नोंदवून ठेवलं होतं. गाणं गाजलं त्या रेकॉर्डवर ते नाव नव्हतं.

तुम्ही टी-शर्टवर रोलिंग स्टोन्सची ती लाल जीभ मिरवता, म्हणून तुमच्याच दैवताची गोष्ट सांगतो. त्या बँडने स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम २००५ मध्ये काढला, पुढचा २०२३ मध्ये. चाहते अठरा वर्षं थांबले. त्या काळात, २०२१ मध्ये त्यांचे ड्रमर चार्ली वॉट्स वारले. नव्या अल्बममधल्या दोन गाण्यांत त्यांचं आधी मुद्रित केलेलं वादन आहे आणि ते चार्लींचं आहे हे अल्बमवर लिहिलेलं आहे. मेलेल्या माणसाचंही नाव गाळलं नाही. आपल्या मुंबईचा इंडस क्रीड, म्हणजे आधीचा रॉक मशीन, १९९५ नंतर थेट २०१२ मध्ये नवा अल्बम घेऊन आला. सतरा वर्षं मधे गेली, बँड मोडून परत जमला, तरी लोक थांबले होते. कोणाची वाट बघतोय हे त्यांना माहीत होतं, म्हणून थांबता आलं. आमच्या पोरांना कोणाची वाट बघायची हे तुम्ही कळूच दिलं नाहीत.

नावाने काय होतं ते आपल्याच मातीत दिसतं. जिव्या सोमा म्हशे तलासरी तालुक्यातल्या धामणगावचे, राहिले डहाणूतल्या गंजाडला. त्यांनी तारप्याभोवतीचा नाच रंगवला आणि तो त्यांच्या नावानिशी जगभर गेला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आज कपबशीपासून स्टेशनच्या भिंतीपर्यंत ते चित्र आहे. त्याच्या मधोमध भोपळा तोंडाला लावून जो उभा आहे, त्याची पाळी मात्र फार उशिरा आली. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२६ मध्ये, नव्वदीच्या वयात. त्या दिवशी तुम्ही त्यांच्या फोटोखाली स्वतःचा लोगो लावून शुभेच्छा दिल्यात. लोगो काढा, भाऊ. तेवढी लाज ठेवा.

आम्हाला कसा अल्बम हवाय ते आता ऐका. स्टुडिओत नको, पाड्यावर हवा. भात पिकायला लागल्यापासून दिवाळीपर्यंत तारपा खरा बोलतो, तेव्हाच मुद्रण करा. सुरुवातीची फुरफुर, सांधे तपासणं, पहिला अडखळता सूर कापू नका. घुंगुरकाठी जमिनीवर आपटते तो आवाज हवा, पावलांचा हवा, मधेच कोणीतरी आरोळी ठोकतं ती हवी. वाघबारशीला काय वाजतं, नव्या भाताला काय वाजतं, नाच रंगात आल्यावर चाल कशी फिरते, हे ओळीने कळू दे. डहाणूकडचा हात आणि तलासरीकडचा हात यांत फरक आहे, जुनी माणसं डोळे मिटून सांगतात. तो फरक शेजारी शेजारी ऐकू दे. कव्हरवर वाजवणाऱ्याचं नाव, त्याच्या पाड्याचं नाव आणि तारपा बांधणाऱ्याचं नाव हवं. बरेचसे वाजवणारे तारपा स्वतःच बांधतात, पण सगळेच नाही.

हे सगळं तुम्हाला जमण्यासारखं आहे, म्हणून तर जास्त चीड येते. माइक तुमच्याकडे, मशीन तुमच्याकडे, पोरांच्या मोबाइलपर्यंतची वाट तुमच्या हातात. पाड्यापाड्यांवर तुम्हाला ओळखतात, चहा देतात. सरकारी माणूस फॉर्म घेऊन येईल तोवर आमचे निम्मे तारपकरी नसतील. ज्यांच्याकडे तुम्ही त्या वर्षी मोबाइल घेऊन गेला होता त्यांतले काही आज नाहीत. त्यांचं वाजवणं तुमच्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. ते उडवलं नसेल, एवढी एकच आशा अजून तुमच्याकडून आहे.

तेव्हा यंदा पावसाचा जोर ओसरला की या. नवं मुद्रण सुरू करण्याआधी तीन कामं करा. त्या दुपारचं पूर्ण मुद्रण पेन ड्राइव्हमध्ये घालून बाबांच्या नातवाकडे पोचवा. जे रीमिक्स वाजतायत त्या प्रत्येकावर बाबांचं नाव घाला, आणि त्या बाईला तेही ओरडायला सांगा. तुम्ही लग्नाच्या एका रात्रीची सुपारी किती घेता ते आम्हाला माहीत आहे. बाबांचा आकडा तिथून मोजायला सुरुवात करा आणि तो मुद्रणाच्या आधी, अंगणात, सगळ्यांसमोर ठरवा.

येताना बॅटरी भरून आणा.

तुमच्या अल्बमची अजून वाट बघणारा,
डहाणू तालुक्यातला एक तारपावेडा