‘गूगलवर पहिला नंबर’ विकणाऱ्यास खुले पत्र

महाशय,

देवगडला माझ्या मामाच्या हापूसच्या बागेची वेबसाइट तुम्ही केलीत आणि ‘गूगलवर पहिला नंबर, गॅरंटी’ असं सांगून कीवर्डचे पैसे वेगळे लावलेत. अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनं लिहून ठेवलंय. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर या धंद्यात आलात कशाला? आणि ठाऊक असेल, तर तुम्ही एका बागायतदाराला सरळ सरळ फसवलंत.

तुम्ही निवडलेले शब्द मी पाहिले. ‘मँगो’, ‘बेस्ट मँगो’, ‘मँगो ऑनलाइन’. महिन्याला केवढी माणसं ‘मँगो’ शोधतात, याचा भला मोठा आकडा दाखवून तुम्ही मामाला गप्प केलंत. त्यातल्या कितींना पेटी हवी होती? मँगो नावाचा स्पेनचा कपड्यांचा ब्रँड आहे, त्याचे ड्रेस शोधणारे त्या आकड्यात आहेत. मिल्कशेकची रेसिपी शोधणारे आहेत. शाळेच्या वहीसाठी आंब्याचं चित्र शोधणारी पोरं आहेत. देवगडच्या बागायतदाराचा त्यांच्याशी संबंध काय?

हंगाम सुरू झाला की मामाचा फोन थांबत नाही. ‘पाच डझनाची पेटी केवढ्याला?’ ‘अढीतला आहे की कार्बाइडचा?’ ‘कच्चा पाठवता की पिकवून?’ ‘अक्षय्य तृतीयेच्या आधी कोथरूडला पोचेल ना?’ ‘साका निघाला तर बदलून देणार का?’ अहो, हेच तुमचे कीवर्ड! एक दुपार त्या फोनपाशी बसला असतात तर सगळे फुकटात मिळाले असते. ‘देवगड हापूस पेटी भाव’ किंवा ‘अढीतला हापूस पुणे घरपोच’ शोधणारे थोडेच असतील, पण ते घ्यायलाच निघालेले असतात. त्यांच्या एकेका प्रश्नाला साइटवर सरळ उत्तर हवं होतं: भाव, पेटीत किती डझन, पोचायला लागणारे दिवस, साक्याचं (आतून खराब निघालेल्या फळाचं) काय ते. तुम्ही ‘प्रीमियम अल्फान्सो’ लिहून मोकळे झालात. अख्ख्या साइटवर डोळ्यांना दिसेल असा ‘हापूस’ एकदाही नाही, ना देवनागरीत, ना रोमनमध्ये. आमची माणसं तर दोन्ही लिप्यांत शोधतात.

बिलात ‘मेटा कीवर्ड’ असाही एक खर्च आहे. पानाच्या कोडमधला तो टॅग क्रमवारी ठरवताना आम्ही बघतच नाही, असं गूगलनं सप्टेंबर 2009 मध्ये जाहीर केलं होतं. तेव्हाच मेलेल्या गोष्टीचे पैसे तुम्ही आंब्याच्या कमाईतून घेतलेत.

आणि सगळ्यात वाईट ते पानाच्या तळाशी आहे. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तुम्ही ‘रत्नागिरी हापूस’च्या ओळीच्या ओळी भरल्यात. गूगलच्या नियमांत हा स्पॅम आहे; त्यापायी पान मागे फेकलं जातं, कधी काढूनही टाकलं जातं. त्याहून मला लागलं ते वेगळंच. परराज्यातला आंबा हापूस म्हणून खपवतात म्हणून कोकणातले बागायतदार झगडले, 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. मामा पेटीत दुसऱ्याच्या बागेतलं एक फळ मिसळू देत नाही. त्याच्याच साइटवर, त्याला न विचारता, तुम्ही दुसऱ्या गावाचं नाव लपवून घातलंत. हे त्याला सांगताना मला त्याच्याकडे बघवेना.

आता मागणी. डोमेन तुमच्या नावावर घेतलंय, ते मामाच्या नावावर करा. ती छुपी अक्षरं आजच काढा. गूगलच्या सर्च कन्सोलचा ताबा द्या. काय शोधल्यावर साइट दिसली आणि काय शोधून माणसं आत आली, हे तिथं फुकट दिसतं. तुम्ही मामाला ते एकदाही दाखवलं नाहीत. नव्यानं लिहिलेली पानं गूगलवर वर यायला महिनेही लागू शकतात. मोहोर धरायच्या आत हे सगळं आमच्या हातात हवं.

मामाची भाची