अर्धवट खाती, उघडे पत्ते

वधूवर सूचक ॲप घ्या. मुलगी नाव, शिक्षण, ईमेल, पासवर्ड, पत्ता, फोन सगळे भरते आणि ‘नोंदणी करा’ दाबते. नेमकी तेव्हाच रेंज जाते. पुन्हा दाबल्यावर उत्तर येते, हा ईमेल आधीच वापरात आहे. लॉगिन करावे, तर आत कोरी स्क्रीन. यात तिचा दोष नाही आणि नेटवर्कचाही नाही. रेंज जाणारच, हे धरून नोंदणीचा कोड लिहायचा असतो.

गूगलच्या फायरबेसवर चालणाऱ्या ॲपमध्ये खाते ऑथेंटिकेशनमध्ये तयार होते आणि बाकीची माहिती फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये जाते. या दोन वेगळ्या सेवा आहेत, दोन्हींकडे एकाच व्यवहारात लिहिता येत नाही. त्यातून खाते तयार होताच वापरकर्ता आपोआप लॉगिन होतो, त्याचीच वाट पाहणारा कोड पुढचे पान उघडतो आणि पत्ता लिहायचा राहून जातो. त्यावर घाईचा उपाय म्हणून नोंदी पुन्हा ‘ॲड’ करतात. ‘ॲड’ दर वेळी नवा आयडी देते, म्हणजे एकाच मुलीचे दोन पत्ते.

खरा उपाय अवघड नाही. मुलीच्या मुख्य डॉक्युमेंटला यूआयडीचेच, म्हणजे ऑथेंटिकेशनने खात्याला दिलेल्या आयडीचेच, नाव द्या. ते आणि त्याखालच्या सबकलेक्शनमधल्या पहिल्या नोंदी एकाच बॅचमध्ये लिहा. बॅच पूर्ण लिहिली जाते किंवा अजिबात नाही. प्रत्येक लॉगिनला मुख्य डॉक्युमेंट आहे का तपासा, नसेल तर राहिलेला फॉर्म पुढे करा. आणि ‘पुढे लागेल’ म्हणून रिकामे सबकलेक्शन बनवण्याच्या फंदात पडू नका. फायरस्टोअरमध्ये रिकामे कलेक्शन नसतेच, पहिल्या डॉक्युमेंटबरोबर ते आपोआप येते. त्यासाठी खोटी नोंद घालणे म्हणजे डेटाबेसमध्ये कचरा टाकणे.

पण माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. पत्ता आणि फोन कुठे ठेवायचा, हेही नोंदणीच्या कोडमध्येच ठरते. बहुतेक जण तो मुख्य डॉक्युमेंटच्या आत मॅप म्हणून कोंबतात, कारण एका ओळीत काम होते. फायरस्टोअरचे वाचनाचे नियम मात्र अख्ख्या डॉक्युमेंटला लागतात, त्यातल्या एका रकान्याला नाही. मुलीचे शिक्षण पाहण्याची परवानगी ज्याला मिळाली, त्याच्या फोनवर तिचा पत्ताही उतरतो. स्क्रीनवर तो दाखवला नाही, म्हणून लपला असे होत नाही. संमतीनंतरच द्यायची माहिती सबकलेक्शनमध्ये हवी आणि तिला स्वतःचा नियम हवा. वरच्या डॉक्युमेंटचा नियम खाली आपोआप लागू होत नाही, आणि इथे तेच आपल्या फायद्याचे आहे.

लग्न जमते, मुलगी खाते बंद करते. कोड मुख्य डॉक्युमेंट पुसतो आणि ‘तुमची माहिती काढली आहे’ असा संदेश देतो. तो संदेश खोटा असतो. डॉक्युमेंट पुसले तरी त्याखालची सबकलेक्शन्स तशीच राहतात, ती वेगळी पुसावी लागतात. हे फायरस्टोअरच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे माहीत नव्हते ही सबब चालणार नाही. माहिती पुसून घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. नोंदणीच्या वेळी जिथे जिथे लिहिले त्या प्रत्येक जागेची यादी पुसणाऱ्या कोडकडे हवी, आणि ती नोंदणीचा कोड लिहितानाच तयार व्हायला हवी.

ॲप बनवणाऱ्यांनो, आज एक चाचणी खाते उघडा, त्यात पत्ता भरा, खाते पुसा आणि मग फायरबेसच्या कन्सोलमध्ये फायरस्टोअर उघडा. पुसलेल्या खात्याचा आयडी तिरप्या अक्षरांत दिसला, तर पत्ता अजून तुमच्याकडेच आहे. आधी तो काढा, नवे फीचर नंतर.