पितृपंधरवड्यातलं लंडन

हॅरो, लंडन
१६ सप्टेंबर २०२५

ती. आईस,


दादा सुखरूप आहे, जेवतो आहे, आणि तू दिलेला पोह्याच्या पापडांचा डबा त्याने विमानात मांडीवर धरून आणला. एकही पापड मोडलेला नाही. मूर्ती पोचवणाऱ्या माणसाचा हात आहे तो.

"पितृपंधरवड्यात कोणी परदेशी जातं का?" हा तुझा प्रश्न मी त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, वर्षात हेच पंधरा दिवस गणपतीचा कारखाना रिकामा असतो. अनंत चतुर्दशी झाली, आता दसऱ्याला नव्या साच्यांपुढे नारळ फोडायचा. मधे काय, तर पितर आणि उधारीची वसुली. वसुली वहिनीवर सोपवली आहे. पितर मागोमाग लंडनपर्यंत आले असतील तर त्यांनाही फुकटात राजवाडा बघायला मिळाला.

व्हॉट्सॲपवर फोटो पोचलेच असतील. पण दादाच्या फोटोंत माणसं नसतात, नुसते जोड, भेगा आणि चौथरे असतात. म्हणून सविस्तर लिहिते आहे. वाचून झालं की रोह्याला माझ्या सासूबाईंकडे पाठव.

पहिल्या दिवशी दादाला वेस्टमिन्स्टरच्या पुलावर नेलं. समोर बिग बेन, सगळं जग त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतंय, आणि दादा कठड्यावरून खाली वाकलेला. "ओहोटी लागली," म्हणाला. खरंच लागली होती. टेम्सचं पाणी लंडनात सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं. धरमतरच्या खाडीकाठी जन्म काढलेल्या माणसाला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. लगेच पुढचा प्रश्न, "उधाणाला बांध फुटतो का यांचा?" आमच्या रोहेकरांनी मोबाईलवर शोधून सांगितलं की खाली वूलिचजवळ नदीला आडवे दरवाजे आहेत, १९८२ पासून मोठी भरती आली की ते वर उचलतात. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्या खारेपाटात असं एक दार बसवा म्हणावं. उघडझाप मी करीन."

त्यानंतर त्याला तो चिखल हवा झाला. मूठभर, मळून बघण्यापुरता. मी सांगितलं की इथे नदीच्या पात्रात उतरून काही उकरायचं तर बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. "मी काय सोनं शोधतोय?" म्हणाला. पण परवान्याची फी एकशे अठराने गुणून झाल्यावर त्याची इच्छाच गेली. आल्यापासून तो सगळंच एकशे अठराने गुणतो. पौंडाचा भाव त्याला तोंडपाठ आहे. मेणाचे पुतळे बघायला मादाम तुसाँकडे न्यायचं होतं, तर दारावरच गुणाकार झाला आणि आम्ही समोरच्या बाकावर बसून घरचे घावन खाल्ले.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम मात्र फुकट. शून्याला कितीनेही गुणा. तिथे त्याला शिवाजी महाराजांची मानली जाणारी वाघनखं बघायची होती. ती गेल्या वर्षी जुलैत तीन वर्षांच्या मुदतीने साताऱ्याला गेली. हे आमच्या रोहेकरांना माहीत होतं, पण त्यांनी ते म्युझियममध्ये पोचल्यावर सांगितलं. दादा म्हणाला, "म्हणजे पेणहून एसटीने काम झालं असतं."

त्याचा रुसवा काढायला मी त्याला कास्ट कोर्ट्स नावाच्या दालनांत नेलं, आणि आई, तिथे जे झालं ते सांगण्यासाठी हे पत्र. १८७३ साली उघडलेली ही दोन भली उंच दालनं. आत युरोपभरचे पुतळे, देवळांच्या कमानी, थडगी, रोमचा ट्रेजन राजाचा स्तंभ. स्तंभ छताखाली मावेना म्हणून मधोमध कापून त्याचे दोन तुकडे शेजारी शेजारी उभे केलेत. दादा शिरला, एका खांबाजवळ गेला, डोळे बारीक करून जोड शोधला, आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की पहारेकरी उठून उभा राहिला. "अगं, हे पीओपी आहे!"

आहेच. जवळजवळ सगळं प्लास्टर. मूळ वस्तू तिकडे इटलीत, स्पेनमध्ये. ज्यांना प्रवास परवडत नाही त्यांनी इथे बघून शिकावं म्हणून साचे घेऊन ओतलेल्या या प्रती. मायकेलँजेलोचा सतरा फुटी डेव्हिडसुद्धा. तो तस्कनीच्या ड्यूकने १८५७ साली व्हिक्टोरिया राणीला भेट पाठवला. (रोह्याला पाठवण्याआधी इथपासून चार ओळींवर कागद चिकटव.) डेव्हिडच्या अंगावर काहीच नाही. म्हणून राजघराण्यातल्या बायका यायच्या असल्या की त्याला प्लास्टरचं अंजिराचं पान आकड्यांवर अडकवत. ते हातभर पान आज त्याच्या चौथऱ्यामागे वेगळ्या पेटीत ठेवलं आहे. दादाने डेव्हिडपेक्षा पानाचे फोटो जास्त काढले. "सुटा भाग आहे," म्हणाला, "गणपती पुलाखालून न्यायचा असला की आपण मुकुट सुटा करतो, तसा."

खरी गंमत पुढे. तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने सांगितलं की मधल्या काळात या नकलांना कोणी विचारत नव्हतं, काही ठिकाणी तर फोडून टाकल्या. पण रोमचा मूळ स्तंभ उघड्यावर धुरापावसाने झिजला, आणि १८६४च्या सुमारास घेतलेल्या या प्रतीत तिथे पुसलेले नाकडोळे अजून शाबूत आहेत. मी भाषांतर करायचा अवकाश, दादा एखादा खटला जिंकल्यासारखा फुलला. मूर्तींना पीओपी चालणार की नाही, या कोर्टाच्या तारखांत अख्खा उन्हाळा गेलेला माणूस तो. "ऐक! प्रदूषणाने दगड गेला, पीओपी राहिलं! मला हे लेखी दे." तिथूनच हमरापूरच्या मूर्तिकारांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ.

तेवढ्यात आमची चिऊ म्हणाली, "पण मामा, हे लोक नदीत नाही ना टाकत." दादाने तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. गुणाकार न करता. मी भाचीच्या बाजूची आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. घरात अजून चार दिवस एकत्र राहायचं आहे.

ब्रिटिश म्युझियममध्ये ओडिशाकडचा एक जुना दगडी गणपती आहे. त्याच्यापुढे हात जोडले, मग हळूच म्हणाला, "काम उत्तम. डोळ्यांची आखणी राहिली."

आमच्या रोहेकरांना त्याला केंब्रिजला न्यायचं होतं. आमचे चिंतामणराव देशमुख तिथे शिकले, १९१८च्या आयसीएसला पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे रोह्याचं पारायण तू लग्नापासून ऐकते आहेस. दादा म्हणाला, "आमच्या पेण तालुक्यातले विनोबा १९१६ साली परीक्षेला म्हणून मुंबईला निघाले, सुरतेला उतरून काशीला गेले. पेपर न लिहिता मोठे झाले. तुम्हाला एवढा अभ्यास का लागला?" केंब्रिज रद्द.

काल वेम्बलीच्या ईलिंग रोडवर भाजी आणायला गेलो. एका दुकानात गणपतीतली उरलेली वीतभर मूर्ती फडताळावर होती. दादाने नमस्कार केला, उचलली, उलटी करून बूड बघितलं. "शाडू. आपल्याकडचीच." दुकानदार भावनगरचा निघाला. दादा म्हणाला, "म्हणजे माती तुमची, मूर्ती आमची, आणि विकताय पुन्हा तुम्हीच." मग त्याने किमतीची चिठ्ठी वाचली. एकशे अठराने गुणलं. पुन्हा गुणलं. नंतर दुकानदार आणि तो तांदळाच्या पोत्यांवर बसून हिंदी-गुजरातीत बोलत राहिले आणि माझी मेथी कोमेजली. पुढच्या वर्षीच्या पन्नास मूर्तींचं बोलणं झालंय. म्हणजे पुढच्या पितृपंधरवड्यातही येणार.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
बेबी

ता. क. बॅगेचं वजन भरलं, त्यामुळे चॉकलेटं येणार नाहीत. त्याऐवजी दादा साचेकामावरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणतो आहे. त्यात पानाशिवायचा डेव्हिड आहे. रोह्याच्या आई पेणला आल्या की पुस्तक कपाटात ठेव.