पसरणीचा चढ

सोलापूरचा माणूस उन्हाला भीत नाही, शेंगाचटणीला भीत नाही. पण चढ हा विषय त्याच्या अभ्यासक्रमातच नसतो. शहर भाकरीसारखं सपाट. चढ म्हणायचा तर रेल्वेचा पूल, आणि तोही पायथ्यापासून वेग घेऊन एका दमात पार करायचा. मध्ये थांबायचं कारणच काय? आमचे धाकटे मामा तिथंच गाडी शिकले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी एकदा मुद्दाम पुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायला लावली होती आणि ती बोटभरही मागे आली नव्हती, हा प्रसंग मामा अजून लग्नाकार्यात सांगतात. शिकाऊ गाडीत डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात आणि त्यांवर मास्तरांचे पाय असतात, हा तपशील त्यात येत नाही. मला विचाराल तर या राज्यात निम्म्या लोकांचा चढावरचा पेपर मास्तरांनीच सोडवलेला आहे.

प्रजासत्ताक दिनाला जोडून शनिवार-रविवार आले होते. अशी जोडून सुट्टी आली की अर्धा महाराष्ट्र लोणावळ्याला जातो आणि उरलेला अर्धा महाबळेश्वरला. आम्ही उरलेल्यांत होतो. पुढे मामा-मामी, मागे मध्ये आजी, तिच्या उजवीकडे इंजिनिअरिंगला असलेला मामेभाऊ आणि डाव्या दाराशी मी. त्या दाराजवळ बसण्याचे परिणाम मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पंढरपूर, फलटण, लोणंद हा सगळा पट्टा मामांचाच. पाचवा गिअर, खिडकीत कोपर आणि तोंडात मामीच्या माहेरचे किस्से. खंबाटकीतही निभावलं. पुण्याकडे जाणाऱ्यांना बोगदा आणि साताऱ्याकडे जाणाऱ्यांना घाट अशी तिथली तेव्हाची वाटणी. पण घाट एकेरी होता आणि गाड्या चालत्या होत्या. ट्रकांच्या मागून दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत आम्ही वर आलो. "घाट घाट म्हणतात तो हाच काय?" असं मामा म्हणाले. वाईत आजीने ढोल्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले. ते किती दूरदृष्टीचं होतं हे पुढं कळलं.

वाई ते पाचगणी अंतर जेमतेम 12 किलोमीटर आणि तेवढ्यात रस्ता 500 मीटरहून जास्त वर चढतो. म्हणजे सरासरी वीस-बावीस मीटरला एक मीटर, आणि वळणांवर त्याहून खडा. तुलनेसाठी सांगतो, बोरघाटात रेल्वेचा चढ 37 मीटरला एक मीटर आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि आजही वर जाणारी गाडी मागून ढकलून घेते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मोटारवाल्याला मात्र चढावर कुणाचीही मदत घ्यायची म्हणजे मरणाची लाज. त्यातही हँडब्रेकची.

"हँडब्रेक शिकाऊ लोकांसाठी," हे मामांचं मत. "पक्का ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी धरतो." हे मत एकट्या मामांचं नाही. वडापच्या जीपवाल्यापासून निवृत्त मुख्याध्यापकापर्यंत सगळे हेच म्हणतात आणि सगळेच चुकतात.

पायथ्याचं पसरणी गाव मागं पडलं. "शाहीर साबळ्यांचं गाव," मामींनी सांगितलं. दोन वळणं झाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि समोर ब्रेकच्या लाल दिव्यांची माळ लागली. वर दांडेघरला माणशी कर घेणारा नाका, त्याची रांग घाटात उतरली होती. आमच्या पुढे स्ट्रॉबेरी भरायला निघालेला रिकामा टेम्पो, मागे एसटी. एसटी इतकी जवळ की मागच्या काचेत तिचा नुसता बंपर.

रांग दोन गाड्यांएवढी सरकली. मामांनी ब्रेकवरचा पाय उचलला, गाडी मागे निघाली, मामींनी "अहो!" म्हटलं, मामांनी क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि इंजिन बंद.

आता यात मामांचा दोष कमी आणि शरीररचनेचा जास्त. पेडल तीन, पाय दोन. ब्रेकवरून उचललेला पाय ॲक्सिलरेटरवर टेकेपर्यंत गाडी कुणाचीच नसते. क्लच दाबलेला असेल तर इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जात नाही. एकदम सोडला तर चाकांचा सगळा भार इंजिनावर येतो आणि ते गचका खाऊन मरतं. मधे कुठंतरी, जेमतेम बोटभर जागेत, क्लच प्लेट अर्धी घसरते, अर्धी पकडते. तोच हाफ क्लच. तो खोटा नाही. पण घसरण म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता. सेकंद-दोन सेकंदांपुरता ठीक, रांग हलायची वाट बघत गाडी त्याच्यावरच तोलून धरली की प्लेटचं अस्तर जळायला लागतं. हे सगळं मामेभाऊ त्याच वेळी तोंडी परीक्षा असल्यासारखं समजावून सांगत होता. "हल्लीच्या गाड्यांत हिल होल्ड असतं बाबा, ब्रेक सोडल्यावरही दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतं."

मामांच्या गाडीत ती सोय नव्हती. त्या जागी मी होतो.

"अरे, उतर आणि दगड लाव!" मामा ओरडले.

चाकाला दगड लावणं ही एक विद्या आहे. गोल दगड चाकाबरोबर गडगडतो, चपटा रस्त्यावरून घसरतो. हवा असतो तो एका बाजूला निमुळता, पाचरीसारखा. निमुळती बाजू चाकाखाली आणि दगड मागच्या चाकाला. आणि तो लावताना आपली बोटं कुठं आहेत याचं भान ठेवायचं. घाटात असे दगड जागोजाग तयार मिळतात, कारण आपल्याआधी कुणीतरी ते लावून, गाडी निघाल्यावर तिथंच टाकून गेलेलं असतं. रात्री त्यावरून एखादा मोटारसायकलवाला उडतो. या मंडळींना नाक्यावर अडवून तोच दगड डोक्यावर देऊन परत खाली पाठवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा गाडी निघाली की दगड उचलायचा, हे माझं मीच ठरवलं.

पण गाडी निघाली की मामा थांबेनात. "आता थांबलो तर परत काढायची कोण?" हा प्रश्न बिनतोड होता. म्हणून मी काखेत दगड घेऊन मागून चालायचं, रांग थांबली की धावत जाऊन चाकाला लावायचा, असा क्रम ठरला. आजी खिडकीतून अधूनमधून "दमलास का रे?" विचारायची आणि लाडू द्यायची. चालणाराच पुढं जात होता. एकदा तर मी गप्पांच्या नादात दोन गाड्या ओलांडून भलत्याच कुटुंबाच्या चाकाला दगड लावून आलो. त्यांनी आभार मानले.

पुढच्या वळणावर स्ट्रॉबेरीच्या टपरीसमोर गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या. रस्ता एका गाडीपुरता उरलेला. वरून एक पिकअप आली. मामांनी खिडकीतून डोकं काढून तिला कायदा ऐकवला. कायदा खरा आहे: अरुंद चढावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. आणि त्यामागं कारणही हेच, की चढणाऱ्याला एकदा थांबवलं की पुन्हा निघणं त्याला जड जातं. पिकअपवाला भला माणूस. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हाताची घडी घातली आणि म्हणाला, "या."

नियम आपल्या बाजूने असण्याइतकं वाईट काही नाही. टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. मामांनी ॲक्सिलरेटर रेटला, क्लच अर्धा धरला, इंजिन किंचाळलं. पुढची चाकं खडीवर फिरली, कारण चढावर गाडीचं वजन मागे झुकतं आणि ओढायची मात्र पुढच्याच चाकांनी. मग बॉनेटमधून तो वास आला. जळक्या क्लच प्लेटचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. कडवट, घशात बसणारा, आणि गॅरेजच्या बिलाची आठवण करून देणारा.

"काहीतरी करपतंय," आजी म्हणाली.

"पुढच्या टेम्पोचं आहे," मामा म्हणाले. टेम्पो केव्हाच वळणापलीकडे गेला होता.

तेव्हा मागच्या एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला. हा माणूस मी मघापासून बघत होतो. अख्खी भरलेली बस, पण रांग हलली की 'फुस्स' आवाज करून ती सरळ वर जायची, मागे तसूभर नाही. तो सावकाश चालत मामांच्या खिडकीशी आला, तंबाखू गालात सरकवली आणि आत वाकून बघितलं.

"सायेब, तो हँडब्रेक काय शोभंला हाय व्हय?"

"नाही, मी हाफ क्लचवर..."

"हाफ क्लच हाय की. पर आधी त्यो वढा. हां. आता ब्रेकचा पाय मोकळा झाला का न्हाई? इसरा त्येला. पहिला टाका. थोडी रेस. आता क्लच हळू सोडा... हळू... म्होरं नाक उचलंल बघा."

आणि खरंच बॉनेट किंचित वर उचललं गेलं. इंजिनाचा आवाज जड झाला, स्टिअरिंग थरथरलं. मागची चाकं हँडब्रेकने धरलेली, पुढची सुटायला बघतायत, आणि गाडी जागच्या जागी ताणलेली.

"आता क्लच तिथंच ऱ्हाऊ द्या. हँडब्रेक जरा वर उचला, बटण दाबा, सोडा."

गाडी निघाली. गचका नाही, किंचाळणं नाही. पिकअपवाल्याने घडी सोडून हात वर केला, टपरीवरची कुणी पोरं टाळ्या वाजवायला लागली. माझा दगड जागच्या जागी होता. चाकाने त्याला मागे ढकललंही नव्हतं.

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," खिडकीतून मामांचा आवाज आला. "हँडब्रेक वापरायला कमीपणा कसला?" मामी काही बोलल्या नाहीत. मामींचं काही न बोलणं सोलापूरपर्यंत पुरतं.

मग मामांना नादच लागला. रांग थांबली की हँडब्रेक, निघाली की बॉनेट उचललेलं, बटण, सोडला. रांग थांबायची ते वाट बघायला लागले. मी हात केला, हाका मारल्या; पण आता त्यांना दगडाची गरज नव्हती आणि दगडाबरोबर माझीही. मी तो निमुळता दगड गटाराच्या कडेला नीट ठेवला आणि चालू लागलो. एसटीच्या ड्रायव्हरने विचारलं, "बसताय का? उभं ऱ्हावं लागंल." पण घरची गाडी पुढे दिसत असताना तिकीट काढायचं जिवावर आलं.

दांडेघरच्या नाक्यावर मी घामाघूम पोचलो, तेव्हा आमची गाडी खिडकीशी उभी होती आणि वाद चालला होता. पावतीवाल्याने आत वाकून डोकी मोजली होती आणि मामेभावाने इमानदारीत मी मागून येतोय असं सांगून टाकलं होतं.

"मग पाच जणांचा कर," पावतीवाला म्हणाला.

"चार," मामा म्हणाले. "तो चालत आलाय."