घर पाहावे, कागद पाहू नये

घर घ्यायचं ठरलं की मराठी मध्यमवर्गीय माणूस आधी मुहूर्त पाहतो. बिल्डरांना हे पाठ असल्यामुळे गुढीपाडव्याच्या आठवड्यात पुण्याच्या वर्तमानपत्रांत बातम्या हुडकाव्या लागतात. पहिल्या पानावर निळं तळं, सायकलवरची गोरी मुलं आणि ठळक अक्षरांत 'बाणेर ॲनेक्स'. हे ॲनेक्स नकाशात शोधू गेल्यास मुळशी तालुका लागतो.

त्याच जाहिरातीच्या कोपऱ्यात टिचभर क्यूआर कोड असतो. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने, १ ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा केला आहे. स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे, काम पुरं करण्याची कबूल केलेली तारीख, चालू असलेले कज्जे, सगळं फुकट वाचता येतं. वडापावचे पैसे द्यायला दिवसभर क्यूआर स्कॅन करणारा गृहस्थ ऐंशी लाखांच्या व्यवहारात मात्र खिशातला मोबाइल बाहेर काढत नाही. तो सेल्सच्या मुलीला विचारतो, "देवघर ईशान्येला येईल ना?" येतं. कुठल्याही फ्लॅटमध्ये, कुठल्याही मजल्यावर येतं.

मग रविवारी सहकुटुंब सॅम्पल फ्लॅट. खोल्यांना दारं नसतात, त्यामुळे उघडलेलं दार पलंगाला आपटतं की नाही हा प्रश्नच मिटतो. पलंग असा की घरातल्या उंच मुलाने तिरकं झोपावं. एक अख्खी भिंत आरशाची, म्हणून हॉल दुप्पट आणि पाहुणेही दुप्पट. कपाट उघडून हात आत घातला तर मनगटापाशीच मागची फळी लागते. कोणी खिशातून टेप काढलाच, तर बायको कोपराने ढोसते, "अहो, चांगलं दिसतं का ते?"

"किती स्क्वेअर फूट?" "अकराशे, सर." हे अकराशे 'सेलेबल'. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी आणि क्लबहाउसचा वाटा कालवलेला असतो. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, त्यात हिशेब कार्पेटचा, म्हणजे घराच्या आत वापरता येणाऱ्या जागेचा. तरी तोंडी व्यवहार अजून सेलेबलमध्येच चालतो. कार्पेट विचारला की आकडा सातशेवर येतो. कायद्याच्या व्याख्येनुसार त्यात आतल्या भिंतींची जाडीही मोजतात, म्हणजे खुर्ची टाकायला उरते ती जागा आणखी कमी.

पार्किंगचं तर विचारूच नये. स्टिल्टखालची किंवा उघड्यावरची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद खटल्यात २०१० सालीच सांगून ठेवलंय. त्यामुळे ती आता कोणी विकत नाही, 'अलॉट' करतात. पैसे 'डेव्हलपमेंट चार्जेस'मध्ये.

नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरात मनाई आहे. पण "आजची ऑफर आजच" म्हटल्यावर भावी घरमालकाचा हातच चेकबुकाकडे जातो.

खरा हिशेब रात्री जेवणानंतर होतो. पुण्यात ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर सात टक्क्यांनी मुद्रांक शुल्क पाच लाख साठ हजार, नोंदणी फी तीस हजार, आणि बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटीचे चार लाख. म्हणजे वीट हाताला लागण्याआधी जवळपास दहा लाख. खरेदी निव्वळ महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे. जोडीला नवऱ्याचं नाव घातलं की सूट गेली. नवऱ्याच्या नावाची सरकारी किंमत ऐंशी हजार, हे तेव्हा कळतं. बहुतेक नवरे ती भरतात.

निबंधक कार्यालयात शेकडो पानांच्या दस्ताच्या पानापानावर सह्या होतात, अंगठा लागतो, वेबकॅमसमोर संशयितासारखा फोटो निघतो. दस्त कोणी वाचलेला नसतो. वकिलाला दाखवायचं सुचवलं तर उत्तर तयार, "बँकेने कर्ज दिलं ना, मग कागद क्लिअरच असणार!"

भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे ओसीची, आठवण ताबा मिळाल्यावर होते. "आठवड्यात येतेय" हे बिल्डरचं वाक्य काही इमारतींत पहिला रंग उडाला तरी ताजं असतं. अशा दुर्लक्षाचं टोक मुंबईत दिसलं: वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये १९८० च्या दशकात पाच मजल्यांच्या परवानगीवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांतली एक तर वीस मजल्यांची. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा मजले पाडायला सांगितले, तेव्हा तिथे संसार मुरले होते.

राहिली जमीन. रहिवाशांची संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन संस्थेच्या नावे करून द्यावी, असं १९६३ च्या मोफा कायद्याखालचे नियम सांगतात. ते इतक्या निष्ठेने पाळले गेले की २००८ साली सरकारला मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीविना जमीन संस्थेच्या नावे करण्याची, तरतूद आणावी लागली. सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय दरवर्षी शेवटी येतो. सचिव वकिलाच्या फीसाठी वर्गणी सुचवतात, आणि लिफ्टच्या लॉबीत ग्रॅनाइट बसवायचा ठराव एकमताने मंजूर होतो.