चकलीचा स्टुडिओ

दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकायचा तर आता चकलीलाही स्टुडिओ लागतो. मग ठेवणीतली पांढरी चादर पडद्याच्या रॉडवर चढते आणि हॉलमध्ये संचारबंदी लागू होते. चादरीला इस्त्री करायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही; फोटोत घड्या चकलीपेक्षा ठसठशीत! वर पांढरं सगळं करडं दिसतं. दोष अर्थात मोबाइलचा, म्हणजे नवा घ्यायला हवा. खरं तर समोर काहीही ठेवा, कॅमेरा ते सरासरी करडंच धरून चालतो. पांढऱ्याला पांढरं म्हणायला त्याला एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवून बजावावं लागतं. (माणसांच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही.) पडद्याला वेगळा दिवा द्यावा, चकली चार-पाच फूट पुढे ठेवावी, म्हणजे तिची सावली पडद्यावर पडत नाही, असं जाणकार सांगतात. वन बीएचकेत तेवढं अंतर ठेवलं की फोटोग्राफर थेट ओट्यावर. त्यात ट्यूब निळसर, बल्ब पिवळा. दोन्ही लावले तर चकलीला एकाच अंगाने कावीळ होते. त्यापेक्षा सकाळी खिडकीपाशी बसा, सावलीच्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल धरा आणि घरातले सगळे दिवे बंद करा. आणि हो, फोटो होईपर्यंत पोरांना चकलीजवळ फिरकू देऊ नका.