तीनशे पंचाहत्तर ओळींचा दिवस

शेअर बाजारात पैसे घालवण्यासाठी पूर्वी एक दलाल, एक टेलिफोन आणि 'आतली बातमी' सांगणारा एखादा स्नेही एवढी सामग्री पुरत असे. गेल्या काही वर्षांत मात्र मध्यमवर्गीय गृहस्थाने या कामालाही शास्त्रीय बैठक दिली आहे. पैसे घालवण्याआधी माहिती गोळा केली पाहिजे, ती आपोआप गोळा झाली पाहिजे, आणि ती आपोआप गोळा करणारी यंत्रणा विकत न आणता स्वतः बांधली पाहिजे, अशा तीन पायऱ्या चढून तो जेथे पोहोचतो त्या ठिकाणाला डेटा पाइपलाइन असे नाव आहे. दलाली पेढीच्या संगणकाकडून भाव मागवणे, आलेले भाव पारखणे, त्यांना एका साच्यात बसवणे आणि घरातील संगणकावर ओळीने साठवून ठेवणे, ही सर्व कामे माणसाचा हात न लागता एकामागून एक घडावीत अशी ती मांडणी असते. ती मांडणाऱ्या गृहस्थास येथे सोयीसाठी 'संकलक' म्हटले आहे. संकलक बहुधा पुण्यात, ठाण्यात किंवा बंगळुरूत राहतो आणि सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. तेथे नेमके हेच काम करण्याबद्दल पगार मिळत असल्यामुळे ते तो शक्यतो टाळतो, आणि घरी तेच काम, पदरचे शुल्क भरून, रात्री दोनपर्यंत करत बसतो.

या खटाटोपाच्या मुळाशी एपीआय आहे. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे काय मागावे, कोणत्या शब्दांत मागावे आणि उत्तर कोणत्या स्वरूपात यावे, याची आगाऊ ठरलेली रीत म्हणजे एपीआय. फोनवरील ॲप माणसाच्या डोळ्यांसाठी असते आणि एपीआय प्रोग्रॅमसाठी; त्यामुळे जो भाव ॲपमध्ये अंगठा हलवताच दिसतो, तोच एपीआयमधून मिळवण्यात काही आठवडे गेले तरी संकलक त्यास प्रगती समजतो. या मताला आधार मुळीच नाही असे म्हणता येत नाही, कारण प्रश्न एका भावाचा नसून सर्व भावांचा असतो. राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे नियमित सौदे सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० चालतात, म्हणजे ३७५ मिनिटे. प्रत्येक मिनिटाचा पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा भाव व त्या मिनिटातील उलाढाल यांची मिळून एक ओळ होते, जिला बाजारात कँडल म्हणतात. निफ्टी निर्देशांकातील ५० समभागांच्या अशा ओळी दिवसाला १८,७५० भरतात. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ पेक्षा अधिक ओळी मावत नसल्यामुळे, गुढीपाडव्याला मोठ्या उत्साहाने उघडलेले पान आषाढ लागण्याच्या सुमारास काठोकाठ भरते, आणि संकलकाला डेटाबेसचा आश्रय घ्यावा लागतो.

वास्तविक वर्षाकाठी जमणाऱ्या सत्तेचाळीस लाखांच्या आसपास ओळी एसक्यूलाइट नावाचा, एकाच फाइलीत राहणारा आणि फुकट मिळणारा डेटाबेस हसत सांभाळतो. तथापि हसत होणाऱ्या कामात संकलकाला रस नसतो, आणि तो काफ्का बसवतो. काफ्का ही लिंक्डइन कंपनीत तयार झालेली आणि २०११ साली सर्वांसाठी खुली केलेली व्यवस्था असून, प्रचंड वेगाने येणाऱ्या नोंदींचे प्रवाह अनेक संगणकांत वाटून घेणे हे तिचे प्रयोजन आहे. तिला फ्रान्झ काफ्का या लेखकाचे नाव आहे. आरोप कोणता हे अखेरपर्यंत न कळता खटल्यात अडकलेल्या माणसाची कादंबरी लिहिणाऱ्याचे हे नाव किती समर्पक आहे, हे संकलकाला पहिल्याच रात्री कळते, कारण व्यवस्था सुरू होत नाही आणि का होत नाही हेही सांगत नाही. हे सर्व घरातील एकाच संगणकावर चाललेले असते, आणि त्याच्या प्लगवर 'काढू नये' अशी चिठ्ठी लावलेली असते. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण यंत्रणेतील सर्वाधिक भरवशाचा घटक ती चिठ्ठीच होय.

पाइपलाइन आपोआप चालावी हा तिच्या व्याख्येचा भाग असला, तरी व्यवहारात तिला रोज सकाळी उठवावे लागते. भारतातील दलाली पेढ्यांचे एपीआय वापरण्यासाठी लॉगिन करून टोकन घ्यावे लागते. टोकन म्हणजे प्रत्येक विनंतीसोबत दाखवण्याचा सांकेतिक परवाना, आणि तो बहुधा त्या दिवसापुरताच चालतो. लॉगिनला पासवर्डखेरीज सहा आकडी संकेतही लागतो. हा संकेत एक गुप्त किल्ली आणि घड्याळातील वेळ यांच्या गणितातून निघतो व दर तीस सेकंदांनी बदलतो. पासवर्ड माणसाच्या डोक्यात आणि संकेत त्याच्या फोनमध्ये, म्हणजे एक चोरीला गेला तरी दुसरा शाबूत राहावा, हा या दुहेरी व्यवस्थेमागील विचार आहे. संकलक मात्र सकाळी नऊ वाजता लोकलमध्ये उभा असतो, जेथे एक हात कडीला असतो आणि दुसरा बॅगेला. म्हणून तो लॉगिनही प्रोग्रॅमकडून करवून घेतो आणि त्यासाठी पासवर्ड व गुप्त किल्ली या दोन्ही गोष्टी एकाच फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवतो. सुरक्षा दुहेरी असावी या नियमाचे पालन अशा रीतीने होते की चोराला दोनदा हात घालण्याची तसदी पडत नाही.

परवाना मिळाला म्हणून भाव मिळतातच असे नाही. एका सेकंदात किती विनंत्या कराव्यात याची पेढीने घातलेली मर्यादा ओलांडली की ४२९ हा आकडा परत येतो, ज्याचा अर्थ 'आपण फार वेळा विचारीत आहात' असा आहे. यावरील मान्य उपाय असा, की प्रत्येक नकारानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करीत जावे: आधी एक सेकंद, मग दोन, मग चार, मग आठ. तलाठ्याकडून सातबाराचा उतारा ज्याने एकदा मिळवला आहे त्याला ही पद्धत नव्याने शिकवावी लागत नाही. तेथे कालमान सेकंदांचे नसते, एवढाच फरक.

यानंतर एम अँड एम या संकेतनामाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो थोड्या विस्ताराने पाहण्याजोगा आहे. वेबवरील पत्त्यात दोन नावांमधले ते वळणदार 'अँड'चे चिन्ह 'येथे एक मागणी संपली, आता दुसरी सुरू' असे सांगण्यासाठी राखून ठेवलेले आहे. त्यामुळे हे नाव जसेच्या तसे पत्त्यात घातले की समोरच्या संगणकाला 'एम' नावाच्या समभागाची विचारणा आणि तिच्यामागून आलेले एक निरर्थक 'एम' अक्षर एवढेच दिसते, आणि असा समभाग अस्तित्वात नाही असे तो प्रामाणिकपणे कळवतो. १९४५ साली या संकेतनामामागील कंपनी महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. आद्याक्षरे तीच राहिली आणि मधले चिन्हही राहिले. जे चिन्ह फाळणीतून सुखरूप वाचले ते संकलकाच्या हातून पहिल्याच दिवशी दुभंगते, आणि पन्नासापैकी एकोणपन्नासच समभाग का येतात याचा शोध तो पुढील दोन शनिवार-रविवार घेत राहतो.

काळाचा घोळ याहून खोल आहे. संगणक आपली वेळ १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत मोजतात आणि ती बहुधा जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. या फरकाची दखल न घेतल्यास मुंबईचा बाजार पहाटे पावणेचार वाजता उघडून सकाळी दहाला बंद झालेला दिसतो. याबद्दल मुंबईकराने फार संकोच बाळगण्याचे कारण नाही. १९०६ साली देशभर एक प्रमाणवेळ लागू झाल्यावरही या शहराने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत टिकवून धरली होती.

घड्याळ जुळले तरी पंचांग उरतेच. शनिवारी व रविवारी बाजार बंद, हा नियम संकलक प्रोग्रॅममध्ये पहिल्याच दिवशी लिहितो, कारण जगात इतके निश्चित दुसरे काही नाही असे त्याला वाटते. पुढे २०२४ च्या जानेवारीत सोमवार २२ तारखेला महाराष्ट्र शासनाने सुट्टी दिली आणि बाजाराने शनिवार २० तारखेला पूर्ण दिवस काम केले. १ फेब्रुवारी २०२५ हा शनिवार अर्थसंकल्पामुळे कामाचा ठरला. लक्ष्मीपूजनाचे मुहूर्ताचे सौदे, म्हणजे नव्या संवत्सराचा शुभारंभ म्हणून तासभर भरणारा बाजार, २०२४ साली संध्याकाळी सहा ते सात या वेळेत झाले, तेव्हा संकलकाने ती वेळ कायमची नोंदवून ठेवली. २०२५ साली तेच सौदे दुपारी १:४५ ते २:४५ या वेळेत उरकले, आणि त्याचा प्रोग्रॅम दिवेलागणीला बाजारात हजर झाला तेव्हा तेथे कोणी नव्हते. या सर्व प्रकारांत २४ फेब्रुवारी २०२१ या दिवसाला वेगळे स्थान द्यावे लागते. त्या दिवशी सकाळी ११:४० ला राष्ट्रीय शेअर बाजाराचीच यंत्रणा ठप्प झाली, आणि पुढे ३:४५ ते ५ अशी वाढीव वेळ देण्यात आली. दोष आपला नसण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. परंतु भाव थांबताच आपलेच काही चुकले असणार या सवयीने संकलकांनी आपापले प्रोग्रॅम उसकटायला घेतले, आणि बाजार पुन्हा सुरू झाला तेव्हा ज्यांचे प्रोग्रॅम शाबूत होते त्यांनीही साडेतीननंतरचे भाव 'अशक्य' म्हणून फेकून दिले.

बक्षीस समभागांचा विषय इतिहासलेखनाच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावा असा आहे. कंपनी जेव्हा एकास एक बक्षीस समभाग देते, तेव्हा भागधारकाकडील समभाग दुप्पट होतात आणि बाजारात प्रत्येकाचा भाव सुमारे निम्म्यावर येतो. कोणाला काही मिळत नाही आणि कोणाचे काही जातही नाही. रिलायन्सचा समभाग २८ ऑक्टोबर २०२४ रोजी असा बक्षीसोत्तर झाला. आदल्या सत्रात अडीच हजारांच्या वर असलेला भाव तेराशेच्या घरात उघडताच, कोसळणारे समभाग हुडकण्यासाठी लिहिलेले देशभरातील घरगुती प्रोग्रॅम एकाच वेळी किंचाळले असणार, असे अनुमान सहज करता येते. यावर उपाय म्हणजे त्या दिवसापूर्वीचा प्रत्येक भाव निम्मा आणि समभागांची प्रत्येक संख्या दुप्पट करणे. इतिहासाचे पुनर्लेखन एकमताने आणि एकही मोर्चा न निघता होणारे हे बहुधा एकमेव क्षेत्र असावे. अडचण एवढीच, की काही पेढ्या हे पुनर्लेखन करूनच जुने भाव पाठवतात, संकलक ते स्वतःही एकवार करतो, आणि मग समभागाने एका रात्रीत दुप्पट झेप घेतल्याचा भास होऊन तो तशी झेप घेणारे आणखी समभाग शोधू लागतो.

अपूर्णांकांविषयी थोडक्यात सांगता येईल. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ सारखी साधी संख्याही तंतोतंत मावत नाही, म्हणून अनेक ठिकाणी भाव पूर्णांक पैशांत पाठवले जातात, आणि शंभराने भागण्याचे विसरलेल्या घरात एक संध्याकाळ फार समाधानात जाते. उलट टोकाचे उदाहरण कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराचे आहे. तेथील निर्देशांक १९८२ साली १००० वर सुरू झाला; प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढताना तिसऱ्या दशांशापुढील भाग जवळच्या आकड्याला न नेता नुसता छाटून टाकण्यात येई, आणि या चिमूटचिमूट गळतीने नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ वर आला. हिशेब दुरुस्त केल्यावर तो १०९८ निघाला. भाव शून्याखाली असूच शकत नाही हा नियमही असाच निरुपद्रवी वाटतो. परंतु एप्रिल २०२० मध्ये कच्च्या तेलाचा अमेरिकी वायदा उणे झाला, तेव्हा मुंबईतील एमसीएक्स या वस्तुबाजाराने त्या महिन्याचा वायदा पिंपामागे उणे २,८८४ रुपयांवर मिटवला, आणि काळजीपूर्वक लिहिलेल्या पाइपलाइनींनी त्या बाजाराच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण भाव कचरा म्हणून गाळला.

एवढे झाल्यावर हे सर्व कशासाठी, हा प्रश्न घरातील इतर मंडळी विचारतात. त्याचे उत्तर बॅकटेस्ट हे असते. म्हणजे एखादी युक्ती जुन्या भावांवर चालवून, त्या काळी ती वापरली असती तर किती नफा झाला असता, ते पाहणे. असा नफा नेहमीच होतो, कारण नफा न देणाऱ्या युक्त्या कोणी जपून ठेवत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. संकलक या काळात ९:१५ ते ३:३० पाइपलाइन दुरुस्त करण्यात गुंतलेला असल्यामुळे त्याच्या हातून एकही सौदा झाला नाही; काटेकोर बोलायचे तर तो या पाहणीत मोजलाच गेलेला नाही, परंतु उरलेल्या सात टक्क्यांत आपण आहोत असे तो चारचौघांत सांगतो.

नियामक संस्थेनेही त्याची दखल घेतली आहे. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात प्रोग्रॅमद्वारे सौदे करणाऱ्या लहान गुंतवणूकदारांसाठी नियम घातले असून, स्वतःच्या ज्ञानावर असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तंत्रकुशल गुंतवणूकदाराचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, जो वाचून संकलकाने परिपत्रकाची छापील प्रत काढली. सेकंदाला ठरावीक संख्येपर्यंत आदेश देणाऱ्यास बाजाराकडे नोंदणी करावी लागत नाही. ही मर्यादा पुढे दहा ठरली, आणि वर्षाला शून्य आदेश देणाऱ्यास ती जाचक होऊ नये. खरे महत्त्व पुढच्या वाक्याला आहे. असा प्रोग्रॅम त्या गुंतवणूकदाराला आपल्या कुटुंबासाठी वापरता येतो, आणि कुटुंब म्हणजे स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि अवलंबून असलेले आईवडील, असे तेथेच सांगितलेले आहे. प्रत्येक लग्नकार्यात, पंगतीत शेजारी बसून, 'तुमचं ते मशीन आमच्याही खात्याला जोडून द्या की' असा आग्रह धरणारा साडू या यादीत कोठेही येत नाही. ते वाक्य पिवळ्या शाईने रंगवलेली प्रत संकलकाच्या घरी दिवाणखान्यात, पाहुण्यांना सहज दिसेल अशा जागी ठेवलेली असते.